वॉशिंग्टनची पत्रं: घरची जळाली, मग लष्करी पत्रांत माणूस सापडतो का?

जास्वंद:

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आम्ही न्यू जर्सीत मॉरिसटाऊनपासून वीसेक मिनिटांवर राहतो आणि सध्या सासूसासरे साताऱ्याहून आलेत. बाबांना (सासऱ्यांना) रिटायर झाल्यापासून जुन्या कागदांचं वेड आहे, मोडी शिकले, तालुक्यातल्या दोनतीन घराण्यांची पत्रं लावून दिली, त्यामुळे त्यांना मॉलमध्ये नेण्यापेक्षा फोर्ड मॅन्शन दाखवू म्हटलं, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात सरसेनापती असलेल्या आणि पुढे पहिला अध्यक्ष झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टनचा १७७९-८० च्या हिवाळ्यात मुक्काम होता ते घर. सगळं शांतपणे बघितलं आणि शेवटी रेंजरला त्यांनी एकच प्रश्न विचारला, मला म्हणाले विचार गं, यांनी घरी लिहिलेली पत्रं कुठे ठेवलीत. तर रेंजर म्हणाला की बायकोने, मार्थाने, दोघांची एकमेकांना लिहिलेली पत्रं जाळून टाकली. बाबा एकदम गप्पच झाले, गाडीत बसल्यावर म्हणाले चाळीस वर्षांचा संसार आणि कागद नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी चहा झाला की मी त्यांना नेटवरचं एखादं पत्र मराठीत सांगत वाचून दाखवते, कारण मोतीबिंदूमुळे त्यांना स्क्रीन वाचवत नाही. पण मी सिलेक्ट करते ती पत्रं सगळी पीठ, बूट, घोड्यांची वैरण आणि काँग्रेसकडे (म्हणजे तेव्हाच्या अमेरिकी प्रतिनिधिसभेकडे) पैशाची मागणी अशीच निघतात. तर प्रश्न दोन. एक, घरची पत्रं नसताना या लष्करी ढिगाऱ्यातून माणूस कळेल अशी पत्रं कोणती? आणि दोन, ही पत्रं तो स्वतः लिहायचा की कारकून? बाबा म्हणतात हे आधी विचार, मग पुढचं.

नदीकाठ:

जास्वंद, मी व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात राहतो, माउंट व्हर्ननला, म्हणजे वॉशिंग्टनच्या घरी, वर्षातून दोनदा तरी जाणं होतं म्हणून लिहितो. सगळीच जळली नाहीत. मार्थाला लिहिलेली जी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली त्यातली दोन जून १७७५ ची आहेत, १८ तारखेचं आणि २३ तारखेचं, दोन्ही फिलाडेल्फियाहून. सांगतात की ती एका डेस्कच्या ड्रॉवरमागे सरकून अडकली होती म्हणून वाचली, डेस्क पुढे नातीकडे गेलं आणि तिला ती सापडली.

१८ जूनचं आधी वाचा. नुकतंच सरसेनापतीपद गळ्यात पडलंय आणि बायकोला कसं सांगायचं हेच त्याला कळत नाहीये. म्हणतो मी हे पद मागितलं नाही, उलट टाळायचा होईल तेवढा प्रयत्न केला, पण नाही म्हणालो असतो तर बेअब्रू झाली असती. मग सांगतो की आयुष्याचा भरवसा नसतो, म्हणून इथे आल्यावर कर्नल पेंडल्टनकडून मृत्युपत्र करून घेतलंय आणि ते सोबत जोडतोय. आणि हिवाळ्याच्या आधी सुखरूप परत येईन अशी आशा देतो. प्रत्यक्षात तो परत आपल्या घरात पाऊल टाकतो ते सप्टेंबर १७८१ मध्ये, सहा वर्षांनी, तेही यॉर्कटाऊनला, युद्धातल्या शेवटच्या मोठ्या लढाईला, जाताजाता. हे माहीत असताना ते वाक्य वाचवत नाही.

खाली ताजा कलम आहे तो चुकवू नका. तुझं १५ तारखेचं पत्र मिळालं, सगळ्यात छान म्हणून सांगितलं ते मलमल दोन ड्रेसपुरतं घेतलंय, तुला आवडावं, वीस शिलिंग वार पडलं. एकाच पाकिटात मृत्युपत्र आणि मलमलीचा भाव.

दुसरं, लष्करी पत्रं एकेकटी वाचू नका, त्याच आठवड्यात घरच्या माणसाला काय लिहिलंय ते शेजारी ठेवून वाचा. डिसेंबर १७७६ घ्या. न्यू यॉर्क गेलेलं, सैन्य जर्सीतून, म्हणजे तुमच्याच भागातून, मागे हटत डेलावेअरपार गेलेलं, वर्षअखेरीला निम्म्याहून जास्त लोकांची मुदत संपून ते घरी जाणार. काँग्रेसला तो तोलून मापून लिहितो. पण माउंट व्हर्नन सांभाळणारा त्याचा लांबचा भाऊ लंड वॉशिंग्टन, त्याला त्याच दिवसांत लिहितो की तुला म्हणून सांगतो, परिस्थिती फार वाईट आहे, कुणाला संशय येऊ न देता माझे कागद अशा बेताने बांधून ठेव की शत्रूची जहाजं नदीत शिरली तर लगेच हलवता येतील. आणि १८ डिसेंबरला सख्ख्या भावाला लिहितो की नवं सैन्य जिवाच्या आकांताने उभं केलं नाही तर खेळ आटोपल्यातच जमा आहे. २५ च्या रात्री हाच माणूस बर्फाच्या तुकड्यांतून नदी ओलांडतो आणि २६ ला ट्रेंटनला नऊशेच्या आसपास हेसियन (ब्रिटिशांचे भाडोत्री जर्मन सैनिक) पकडतो.

दप्तरी:

कारकुनाच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, पेशवे दप्तरात काही वर्षं बसलोय म्हणून तुमच्या सासऱ्यांना हे आधी का विचारावंसं वाटलं ते समजतं. सरकारी पत्रं बहुतांश सेक्रेटरी आणि एडी-कँप (सेनापतीच्या हाताखालचे मदतनीस अधिकारी) लिहायचे. टेंच टिल्घमन, रॉबर्ट हॅरिसन, जॉन लॉरेन्स, अलेक्झांडर हॅमिल्टन, सगळी तिशीच्या आसपासची, काही तर विशीतलीच पोरं. वॉशिंग्टन मुद्दे सांगायचा, ते मसुदा करायचे, तो त्यात खाडाखोड करायचा आणि मग स्वच्छ प्रत निघायची. त्यामुळे हॅमिल्टन लिहायला बसला असेल तेव्हा वाक्य जरा धावतं हे खरं आहे. भावाला, लंडला, जवळच्या मित्रांना लिहिलेली मात्र बहुतेक स्वतःच्या हातची. शेवटी 'आपला अत्यंत आज्ञाधारक नम्र सेवक' असं असतं ते बघून नम्रता शोधू नका, आपल्याकडच्या 'बहुत काय लिहिणे' सारखाच तो मायना आहे, शत्रूला लिहितानाही तसाच.

कागद जपायची त्याला स्वतःलाच फार काळजी होती. १७८१ मध्ये, युद्ध चालू असताना, त्याने रिचर्ड व्हॅरिक नावाच्या माणसाला याच कामावर नेमलं, हाताखाली कारकून दिले, आणि पकिप्सीला बसून त्यांनी युद्धातली पत्रं वर्गवार लावून ४४ मोठ्या वह्यांत सुवाच्य अक्षरात नकलून काढली. सैन्याला पगार द्यायला पैसे नाहीत तेव्हा हे काम तो मागून मंजूर करून घेतो. मला हा निर्णय त्याच्या कुठल्याही लढाईइतकाच मोठा वाटतो, त्या वह्या आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि स्कॅन घरबसल्या बघता येतात.

पण छापील आवृत्ती कुठली घेताय ते बघा, हे कळकळीने सांगतो. जॅरेड स्पार्क्सने १८३० च्या दशकात १२ खंड काढले, मेहनत अफाट, पण त्याला वाटलं की राष्ट्रपित्याच्या तोंडी गावरान शब्द शोभत नाहीत. वॉशिंग्टनने जनरल पुटनमला 'ओल्ड पुट' लिहिलं होतं, याने 'जनरल पुटनम' केलं. एका ठिकाणी मिळालेली रक्कम गरजेच्या मानाने 'पिसू चावल्याएवढी' आहे असं होतं, तिथे याने 'सर्वथा अपुरी' घातलं. शिवाय मूळ कागदांचे तुकडे कापून सह्या जमवणाऱ्यांना भेट दिले, पहिल्या अध्यक्षीय भाषणाचा न वापरलेला मसुदाच असा चिरला गेला. पिसवाचं ते वाक्य वाचलं की कंबरेवर हात ठेवून वैतागलेला माणूस दिसतो, आणि संपादकाने नेमका तोच पुसला. आपल्याकडेही शुद्धलेखन सुधारून छापलेली पत्रं पाहिलीत, म्हणून हे जास्तच लागतं. व्हर्जिनिया विद्यापीठात १९६८ पासून चालू असलेली आवृत्ती घ्या, मजकूर जसाच्या तसा, आणि ती फाउंडर्स ऑनलाइन या वेबसाइटवर फुकट आहे.

बाबांच्या डोळ्यांचं वाचलं म्हणून एक जोडी माझीही. १६ फेब्रुवारी १७८३, फिलाडेल्फियाचा खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस याला आभाराचं छोटंसं पत्र, की चष्मा डोळ्यांना छान बसला, वाचायच्या भिंगांनी नजर नेमकी कुठे धरायची ते अजून जमत नाहीये. एवढंच. आणि मग एका महिन्याने, १५ मार्चला न्यूबर्गजवळच्या छावणीत, पगार थकल्याने बंडाच्या तोंडावर आलेल्या अधिकाऱ्यांपुढे तो एका काँग्रेस सदस्याचं पत्र वाचायला घेतो, अडखळतो, खिशातून चष्मा काढतो आणि म्हणतो की मला चष्मा लावू द्या, तुमच्या सेवेत केस पांढरे झाले आणि आता दिसेनासंही होत चाललंय. तिथे हजर असलेल्यांनी लिहून ठेवलंय की लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

जास्वंद:

दोघांनाही मनापासून धन्यवाद. मलमलीचं पत्र काल वाचलं. बाबा काही बोलले नाहीत पण आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसल्या, त्या एरवी आमच्या वाचनाला येत नाहीत.

आज व्हॅली फोर्जच्या हिवाळी छावणीतलं घेतलं, २३ डिसेंबर १७७७, काँग्रेसचे अध्यक्ष हेन्री लॉरेन्स यांना. मी आधी हेच पत्र पीठ आणि बूट म्हणून सोडून दिलं होतं. त्यात लिहिलंय की छावणीत २८९८ माणसं पायात काही नाही आणि अंगावर धड कपडे नाहीत म्हणून कामाला निकामी आहेत. बाबांनी मला थांबवलं आणि म्हणाले आकडा परत वाच. अठ्ठ्याण्णव. म्हणाले तीन हजार लिहिलं असतं तरी कुणी विचारलं नसतं, याने मोजायला लावलंय. पुढे तो म्हणतो की असंच चाललं तर सैन्य उपाशी मरेल, फुटेल किंवा पांगेल, आणि शेकोटीजवळ उबदार खोलीत बसून आम्हाला नावं ठेवणं सोपं आहे, उघड्या टेकडीवर पांघरुणाशिवाय बर्फात झोपणं वेगळं. हे काँग्रेसलाच लिहितोय! मला वाटलं होतं सरकारी पत्रात राग नसतो.

आरती७१:

थोडं वेगळं लिहिते, कुणाला लागलं तर माफ करा पण हे त्या बाबांनाही वाचून दाखवा असं मला वाटतं. माणूस शोधताय तर सगळा शोधा. २ जुलै १७६६ चं पत्र आहे, वेस्ट इंडीजला निघालेल्या थॉम्पसन नावाच्या कप्तानाला. सोबत टॉम नावाचा गुलाम पाठवतोय, तो पळून जाणारा आणि लबाड आहे, पण तब्येतीने धडधाकट आणि कुदळकामात चांगला, कुठल्याही बेटावर येईल त्या किमतीला विका. समुद्रात पोचेपर्यंत बेड्या घालून ठेवा. आणि त्याच्या बदल्यात आणायच्या सामानाची यादी, एक पिंप उत्तम काकवी, एक पिंप रम, चांगली आणि स्वस्त असतील तर लिंबं एक बॅरल, दहा पौंडांचं एक भांडं चिंच, दोन छोटी भांडी मिठाई, आणि उरलेल्या पैशांत जुनी दारू.

चिंच या शब्दावर मी थांबले होते. आपल्या घरात रोज आमटीत पडते ती. वाण्याला देतो तशी यादी आहे आणि पहिल्या ओळीत माणूस आहे. स्वतः हाताने लिहिलेलं, कारकुनावर ढकलता येत नाही.

आणि नदीकाठ, लंडला लिहिलेलं पुढचं पत्रही सांगा की. एप्रिल १७८१ मध्ये सॅव्हेज नावाचं ब्रिटिश जहाज पोटोमॅकमधून माउंट व्हर्ननला आलं, आणि तिथल्या १७ गुलामांनी त्यावर चढून सुटका करून घेतली. लंड जहाजावर गेला, खायचे पदार्थ पुरवले, घर वाचावं म्हणून. त्यावर ३० एप्रिलला वॉशिंग्टन त्याला झापतो की तू नकार दिला असतास आणि त्यांनी माझं घर जाळून शेतीची राखरांगोळी केली असती तरी मला कमी दुःख झालं असतं. सगळीकडे हे वाक्य देशभक्तीचा कळस म्हणून देतात आणि मलाही ते वाचताना अंगावर काटा आला, खोटं नाही बोलणार. पण त्या सतरा जणांबद्दल तो फक्त नुकसान म्हणून लिहितो, पुढे यॉर्कटाऊननंतर त्यातले काही परत पकडले गेले. स्वातंत्र्यासाठी तेही निघाले होते ना.

नदीकाठ:

आरतीताई, बरोबर आहे, मी ते मुद्दाम नाही पण सोडलं होतं. टॉमचं पत्र मला माहीत नव्हतं असंही नाही, माझ्या हाताने ते यादीत लिहिलं जात नाही एवढं खरं. माउंट व्हर्ननला गुलामांच्या दफनभूमीकडे जाणारी वाट आहे, तिथे उभं राहिलं की दगडावर नावं नसतात.

एवढं जोडतो की जुलै १७९९ चं मृत्युपत्र टॉमच्या पत्राशेजारी ठेवून वाचा. तेही स्वतःच्या अक्षरात, पानंच्या पानं. त्या वेळी माउंट व्हर्ननला ३१७ गुलाम होते, त्यातले १२३ त्याच्या मालकीचे, त्यांना मार्थाच्या पश्चात मुक्त करावं, म्हाताऱ्यांना पोसावं, पोरांना लिहायला वाचायला शिकवावं असं लिहिलंय. मार्थाने १ जानेवारी १८०१ लाच त्यांना सोडलं. बाकीचे बहुतेक तिच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले, ते सुटले नाहीत. पण मृत्युपत्राच्या तीनच वर्षं आधी, नोव्हेंबर १७९६ मध्ये, पळून न्यू हॅम्पशायरला गेलेल्या ओना जजला परत मिळवायला तो तिथल्या कस्टम्स अधिकाऱ्याला पत्रं लिहीत होता, अध्यक्ष असताना. ती गेली नाही परत.

दप्तरी:

दोघांचंही पटतं. आणि ही सगळी पत्रं उरलीच कशी, तर त्याने स्वतः काही चाळून फेकली नाहीत म्हणून. टॉमचं पत्र लपवावं असं त्याला वाटलंच नाही, त्या काळाबद्दल यातून जे कळतं ते मोठं आहे.

बाबा साताऱ्याचे म्हणून एक धागा. १७ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाऊनला कॉर्नवॉलिसने चोवीस तास लढाई थांबवा म्हणून चिठ्ठी पाठवली. वॉशिंग्टनचं उत्तर चारसहा ओळींचं आहे, रक्तपात टाळायची आपलीही इच्छा आहे, अटी लेखी कळवा, त्यासाठी हे पत्र हाती पडल्यापासून दोन तास देतो. चोवीसचे दोन. इंग्रज आरमार मदतीला येऊ शकतं हे त्याला माहीत होतं, म्हणून. हाच कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे येतो, आणि १७९१-९२ मध्ये टिपूवरच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या सोबत श्रीरंगपट्टणला उभा असतो. पटवर्धनांकडची त्या काळातली पत्रं खरेशास्त्रींनी छापलीत, बाबांनी नक्की वाचली असणार. यॉर्कटाऊनला हरलेला माणूस पुढे कसा सावध झाला ते दोन्हीकडची पत्रं ठेवून बघायला त्यांना आवडेल.

मावळतीचा_वारा:

जास्वंद, एक राहिलंच, आणि ते तर तुम्ही उभ्या होतात त्याच घरातलं आहे. २२ जानेवारी १७८०, मॉरिसटाऊनहून नथॅनेल ग्रीनला, जो सैन्याचा क्वार्टरमास्टर जनरल, म्हणजे राहण्याची आणि सामानाची सोय बघणारा प्रमुख. तक्रार काय तर स्वयंपाकघर. म्हणतो मी इथे येऊन इतके दिवस झाले, माझ्या माणसांना स्वयंपाक करायला अजून जागा नाही, माझी अठरा माणसं आणि मिसेस फोर्डची सगळी एकाच स्वयंपाकघरात दाटीवाटीने कोंबलीत आणि सर्दीने इतकी बेजार की एकाच्याही तोंडून धड शब्द फुटत नाही. सरसेनापती लाकडाच्या खोलीसाठी मिनतवारी करतोय. त्या खोलीत चुलीसमोर उभं राहून हे पत्र वाचा, अंतर पाच पावलांचं आहे.

घरात मुलं असतील तर हेरांची पत्रंही घ्या, न्यू यॉर्कच्या कल्पर टोळीची. वॉशिंग्टनचा नंबर ७११, न्यू यॉर्क ७२७, आणि अदृश्य शाईने घरगुती पत्राच्या ओळींमधे मजकूर लिहायचा. घरच्या गप्पांचं पत्र वाटावं असं लिहा हे तो स्वतः सुचवतो.

जास्वंद:

आज शनिवारी परत नेलं बाबांना, स्वयंपाकघराचं पत्र मोठ्या टायपात छापून. रेंजर तोच होता. बाबांनी कागद डोळ्यांजवळ धरून अठरा माणसं कुठेकुठे बसली असतील ते हाताने दाखवलं, चूल इथे, दार इथे, आणि मिसेस फोर्डची चार पोरं या कोपऱ्यात. रेंजरला मराठी कळत नव्हतं पण तो मान डोलवत होता.

आरतीताई, टॉमचं पत्रही काल वाचलं. बाबांनी विचारलं टॉमचं पुढे काय झालं. मी म्हटलं पत्रात नाही. मग त्या रात्री दुसरं काही वाचू नको म्हणाले.

आता आईंचा प्रश्न आहे, आणि आमच्याकडे आईंनी प्रश्न विचारणं ही मोठी गोष्ट आहे. त्या म्हणतात मलमल आवडलं का ते कळायला पाहिजे, तिचं १५ तारखेचं पत्र, ज्याला त्याने उत्तर दिलं, ते कुठेय? मी सांगितलं तेही गेलं. तर म्हणाल्या दुसऱ्या कुणाला तरी तिने लिहिलं असेलच की. आहे का मार्थाच्या स्वतःच्या हातचं काही? पुढच्या गुरुवारी ते दोघं निघतायत.

नदीकाठ:

आहे. ३० डिसेंबर १७७५, केंब्रिजच्या छावणीतून, आमच्या अलेक्झांड्रियातल्या एलिझाबेथ रॅम्सी या मैत्रिणीला. मार्था त्या हिवाळ्यात नवऱ्याजवळ राहायला मुद्दाम एवढा प्रवास करून गेली होती, बोस्टनमध्ये ब्रिटिश समोर बसलेले. स्पेलिंग तिचं आपल्या मनाचं आहे, सुधारलेली प्रत घेऊ नका, जसं आहे तसंच वाचा. इथे कुणालाच तोफांचं काही वाटत नाही, पण मी मात्र कबूल करते, बंदुकीचा आवाज आला की दरवेळी माझा थरकाप होतो, असं लिहिलंय. मलमलीबद्दल काही नाही त्यात. आईंना सांगा १७८९ चं एक आहे, भाची फॅनीला, न्यू यॉर्कहून, नवरा अध्यक्ष झाल्यावर. मी सरकारी कैद्यासारखी झालेय म्हणते, मनासारखं करता येत नाही म्हणून घराबाहेरच पडत नाही. गुरुवारच्या आधी दोन्ही होतील वाचून.